पार्श्वभूमी : ॲडवेअर संगणकात शिरते कसे, आणि निघता निघत का नाही

ब्राउझर उघडला की नेहमीच्या पानाऐवजी कुठलेसे अनोळखी शोधपान समोर येते. वापरणारा सेटिंग्जमध्ये जाऊन होमपेज पूर्ववत करतो, संगणक बंद करतो, आणि दुसऱ्या दिवशी तेच पान पुन्हा हजर असते. अशा वेळी डेस्कटॉपवरच्या ब्राउझरच्या आयकॉनवर (म्हणजे शॉर्टकटवर) उजवे क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडून पाहावे. तिथल्या 'टार्गेट' या रकान्यात ब्राउझरच्या फाइलचा मार्ग अवतरणचिन्हांत दिलेला असतो आणि एरवी तो तिथेच संपतो. बाधित संगणकावर मात्र अवतरणचिन्ह मिटल्यानंतर, एक जागा सोडून, त्या शोधपानाचा पत्ता जोडलेला आढळतो. सेटिंग्ज कितीही वेळा दुरुस्त केल्या तरी हा पत्ता हलत नाही. ॲडवेअर, म्हणजे जाहिराती दाखवण्यासाठी संगणकात बसलेले सॉफ्टवेअर, काढताना अशा बऱ्याच जागा तपासाव्या लागतात, आणि त्या नेमक्या त्याच का, हे समजून घ्यायचे तर जाहिरात आणि सॉफ्टवेअर यांचा संबंध गेल्या पंचवीस-तीस वर्षांत कसा बदलत गेला ते पाहावे लागते.

सुरुवातीचा व्यवहार बऱ्यापैकी सरळ होता. छोट्या सॉफ्टवेअरचे लेखक ते फुकट वाटत आणि आवडल्यास पैसे पाठवा म्हणत. पण पैसे पाठवणारे थोडे असत. त्यामुळे १९९० च्या दशकाच्या अखेरीस जाहिराती दाखवून खर्च भागवण्याची पद्धत पुढे आली. ऑपेरा ब्राउझर डिसेंबर २००० पासून सप्टेंबर २००५ पर्यंत असाच मिळत असे : खिडकीच्या वरच्या भागात जाहिरातीची पट्टी असे, आणि ती नको असेल तर पैसे भरून काढता येई. जाहिरात कोणाची, ती का दिसते आणि ती थांबवायची कशी, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे डोळ्यांसमोर होती. ऑपेरा काढून टाकला की पट्टीही जाई. मूळच्या ॲडवेअरला दोष देताना हा प्रामाणिक काळ विसरू नये, असे मला वाटते.

बिघाड झाला तो जाहिरातीचे काम तिसऱ्या पक्षाकडे गेल्यावर. ऑरिएट (पुढे रेडिएट) ही कंपनी लेखकांना जाहिरात दाखवणारा तयार घटक देत असे आणि तो असंख्य फुकट सॉफ्टवेअरमध्ये बसवला जाई. २००० साली स्टीव्ह गिब्सन या अमेरिकी प्रोग्रॅमरला हा घटक स्वतःच्या संगणकावर सापडला. ज्या सॉफ्टवेअरसोबत तो आला होता ते काढले तरी तो मागे राहत असे. गिब्सन यांनी तो काढण्यासाठी 'ऑप्टआउट' नावाचे छोटे साधन लिहून वाटले. लावासॉफ्टचे ॲड-अवेअर १९९९ मध्ये आलेले होतेच. पाठोपाठ स्पायबॉट सर्च अँड डिस्ट्रॉय आले. विषाणूंसाठीचे अँटिव्हायरस तेव्हा घरोघरी होते, तरी ही साधने वेगळी लिहावी लागली, कारण अँटिव्हायरसच्या दृष्टीने हा घटक विषाणू नव्हता. तो आपसूक पसरत नव्हता. संगणकाच्या मालकानेच 'आय ॲग्री' दाबून तो आत घेतलेला होता. ॲडवेअरच्या पुढच्या साऱ्या इतिहासाच्या मुळाशी ही न वाचता दिलेली संमती आहे.

गेटर या प्रोग्रॅमने ही संमती कुठवर ताणता येते ते दाखवले. पासवर्ड लक्षात ठेवणे आणि अर्ज आपोआप भरणे हे त्याचे उघड काम. पण त्यासोबत आलेला भाग वापरणारा कोणती संकेतस्थळे पाहतो यावर नजर ठेवून त्या पानांवर स्वतःच्या जाहिराती झळकवत असे. जून २००२ मध्ये वॉशिंग्टन पोस्ट, न्यूयॉर्क टाइम्स आणि डाऊ जोन्स यांच्यासह अनेक प्रकाशकांनी त्यावर दावा लावला. २००३ मध्ये तडजोड झाली आणि त्याच वर्षी कंपनीने क्लॅरिया हे नाव घेतले. याच सुमारास गाण्यांच्या देवाणघेवाणीसाठी लोकप्रिय झालेल्या कझासोबतही जाहिरातींचे घटक येत, आणि ते उपटून काढले की मूळ प्रोग्रॅमही चालेनासा होई.

मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये १९९७ पासून बाहेरच्या प्रोग्रॅमना ब्राउझरच्या आत बसण्याची सोय होती. ती चांगल्या हेतूने केलेली असली तरी आत कोण कोण बसले आहे हे पाहायला कित्येक वर्षे साधी यादीसुद्धा नव्हती. २००३ च्या सुमारास पसरलेल्या कूलवेबसर्च या ॲडवेअरने होमपेज, शोधयंत्र आणि विंडोजची रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) यांत इतक्या तऱ्हांनी बदल केले की केवळ त्याच्यासाठी वेगळे साधन लिहावे लागले. हायजॅकधिस हा प्रोग्रॅमही त्याच काळातला. तो स्वतः निवाडा करत नसे. संगणक सुरू होताना काय काय सुरू होते आणि ब्राउझरला काय काय चिकटलेले आहे याची यादी तो काढून देई, आणि कोणती ओळ निरुपद्रवी व कोणती घातक हे जाणकार माणूस ठरवी. आजही जाणकार आधी यादी पाहतात आणि मग हटवतात, ती सवय तिथून आलेली आहे. ऑगस्ट २००४ मधल्या विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ ने पॉप-अप अडवण्याची सोय आणि ॲड-ऑनची, म्हणजे आत बसलेल्या जोडप्रोग्रॅमची, यादी ब्राउझरमध्येच दिली.

त्यानंतर कायदा पुढे सरसावला. न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलनी २००५ मध्ये ॲडवेअर पसरवणाऱ्या इंटरमिक्स मीडियावर कारवाई केली आणि कंपनीने ७५ लाख डॉलर देण्याचे मान्य केले. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांच्या फसवणुकीवर कारवाई करणाऱ्या सरकारी आयोगाने) नोव्हेंबर २००६ मध्ये झँगो या ॲडवेअर कंपनीकडून ३० लाख डॉलर, तर २००७ मध्ये डायरेक्ट रेव्हेन्यू या अशाच कंपनीकडून १५ लाख डॉलर वसूल करण्याची तडजोड केली. या प्रकरणांतून दोन गोष्टी ठळक झाल्या : लांबलचक करारात कुठेतरी दडवलेले वाक्य म्हणजे संमती नव्हे, आणि बसवलेले सॉफ्टवेअर काढण्याची वाट वापरणाऱ्याला सहज सापडली पाहिजे.

पण कंपन्यांनीही न्यायालयाचे दार ठोठावले होते. आपले सॉफ्टवेअर नको असलेल्यांच्या यादीत टाकून धंद्याचे नुकसान केले, असा दावा झँगोने कॅस्परस्की या अँटिव्हायरस कंपनीवर लावला. जून २००९ मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने कॅस्परस्कीच्या बाजूने निकाल दिला. आक्षेपार्ह वाटणारी सामग्री वापरणाऱ्याला अडवता यावी म्हणून साधन पुरवणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे, असे न्यायालयाने म्हटले. तोवर झँगो बंद पडली होती. अशा दाव्यांची टांगती तलवार डोक्यावर असल्यामुळे सुरक्षा कंपन्या शब्द जपून वापरू लागल्या, आणि 'संभाव्यतः नकोसे सॉफ्टवेअर' म्हणजेच 'पीयूपी' किंवा 'पीयूए' ही मवाळ संज्ञा रूढ झाली. माझ्या मते या मवाळपणाची किंमत सामान्य वापरणाऱ्याने मोजली. 'संभाव्यतः' हा शब्द वाचून तो निर्धास्त होतो; आणि कित्येक साधनांत ही तपासणी वेगळी चालू करावी लागते, हे त्याला कोणी सांगत नाही. विंडोज १० मध्येसुद्धा ती सामान्य वापरणाऱ्याच्या सेटिंग्जमध्ये २०२० च्या मे महिन्यातल्या अपडेटनंतरच आली.

२००९ नंतर ॲडवेअरने टूलबारचे, म्हणजे ब्राउझरच्या वरच्या भागात बसणाऱ्या पट्टीचे, रूप घेतले आणि इन्स्टॉलरच्या आड बसायला सुरुवात केली. ती खिडकी नीट आठवून पाहावी. वर मोठ्या अक्षरांत 'एक्स्प्रेस इन्स्टॉल', शेजारी कंसात 'शिफारस केलेले'. खाली फिकट करड्या अक्षरांत 'कस्टम', आणि तेही असे की ते निवडता येते हेच लक्षात येऊ नये. कस्टम निवडले तरच पुढच्या पडद्यावर टूलबार, नवे होमपेज आणि नवे शोधयंत्र यांच्या आधीच टिक केलेल्या चौकटी दिसत. एक्स्प्रेस निवडणाऱ्याने या तिन्हींना होकार दिला असे गृहीत धरले जाई. हा प्रकार कोपऱ्यातल्या अनोळखी सॉफ्टवेअरपुरता नव्हता. जावाच्या सुरक्षा अपडेटसोबत आस्क टूलबारची अशी चौकट कित्येक वर्षे येत होती, आणि २०१३ मध्ये उघड झाल्याप्रमाणे तो टूलबार लगेच न बसता दहा मिनिटे थांबून बसे, म्हणजे घाईने काढायला गेलेल्याला तो यादीत सापडतच नसे.

विश्वासाच्या जागाही यातून सुटल्या नाहीत. डिसेंबर २०११ मध्ये एनमॅप या नेटवर्क तपासण्याच्या नामांकित साधनाच्या लेखकाने जाहीर तक्रार केली की डाऊनलोड डॉट कॉम हे सॉफ्टवेअर वाटणारे संकेतस्थळ त्याचे सॉफ्टवेअर स्वतःच्या इन्स्टॉलरमध्ये गुंडाळून, सोबत टूलबार जोडून देत आहे. मुक्त सॉफ्टवेअरचे माहेरघर मानल्या गेलेल्या सोर्सफोर्जनेही २०१३ मध्ये अशीच योजना आणली. त्यामुळे आणि पानावरच्या फसव्या डाऊनलोड बटणांमुळे गिम्प या चित्रसंपादनाच्या सॉफ्टवेअरने विंडोजसाठीच्या आपल्या फाइली त्याच वर्षी तिथून हलवल्या. २०१६ च्या सुरुवातीला सोर्सफोर्जच्या नव्या मालकांनी ती योजना बंद केली. सॉफ्टवेअर नेहमी मूळ निर्मात्याच्या संकेतस्थळावरूनच घ्यावे, या सल्ल्यामागे ही प्रकरणे आहेत.

सर्वांत गंभीर प्रकरण मात्र असे होते की त्यात वापरणाऱ्याला काही बसवावेही लागले नाही. सप्टेंबर २०१४ पासून लेनोवोच्या काही लॅपटॉपमध्ये सुपरफिश नावाचे सॉफ्टवेअर कारखान्यातूनच येत होते. पानांवर खरेदीच्या जाहिराती घुसवण्यासाठी ते कुलूपबंद, म्हणजे एचटीटीपीएस जोडण्यांच्याही मधे बसत असे, आणि त्यासाठी त्याने विंडोजमध्ये स्वतःचे मूळ प्रमाणपत्र (कोणत्या संकेतस्थळांवर विश्वास ठेवायचा हे संगणकाला सांगणारी नोंद) घातलेले होते. सगळ्या लॅपटॉपवर ते प्रमाणपत्र एकच, आणि त्याची गुप्त किल्लीही त्याच सॉफ्टवेअरमध्ये. फेब्रुवारी २०१५ मध्ये रॉबर्ट ग्रॅहम या सुरक्षातज्ज्ञाने ती किल्ली काढून दाखवली. तिचा पासवर्ड 'कोमोडिया', म्हणजे हे तंत्र पुरवणाऱ्या कंपनीचेच नाव होते. ही किल्ली हाती असलेला कोणीही सार्वजनिक वायफायवर बसून अशा लॅपटॉपपुढे बँकेचे खोटे पान खऱ्यासारखे उभे करू शकत होता. सुपरफिश अनइन्स्टॉल केले तरी प्रमाणपत्र मागे उरत असे, आणि ते वेगळे काढावे लागे. जाहिरातीच त्या, त्याने काय बिघडते, असे म्हणणाऱ्यांना हे एकच उदाहरण पुरेसे आहे.

मायक्रोसॉफ्टने जुलै २०१४ पासून नियम लागू केले की जाहिरात बंद करण्याचे बटण स्पष्ट दिसावे, ती कोणत्या प्रोग्रॅमची आहे ते तिच्यावर लिहिलेले असावे आणि त्याच नावाने तो प्रोग्रॅम कंट्रोल पॅनेलमधून काढता यावा; हे न पाळणारा प्रोग्रॅम सुरक्षा साधन अडवू लागले. त्यामुळे ॲडवेअर ब्राउझरच्या एक्स्टेन्शनकडे, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमकडे, आणखी वळले. जानेवारी २०१४ मध्येच उघडकीला आले होते की तीस हजारांहून अधिक लोक वापरत असलेले एक क्रोम एक्स्टेन्शन त्याच्या लेखकाकडून विकत घेऊन नव्या मालकाने आपोआप होणाऱ्या अपडेटमधून त्यात जाहिराती घुसवल्या. इथे वापरणाऱ्याने दिलेली संमती खरी होती. पण ती ज्याला दिली तो माणूसच बदलला होता. म्हणून एक्स्टेन्शनची यादी अधूनमधून उघडावी आणि जे सहा महिन्यांत वापरले नाही ते काढून टाकावे.

एप्रिल २०१५ मध्ये क्रोमने संकेतस्थळांना सूचना पाठवण्याची मुभा दिली आणि ॲडवेअरला आणखी एक वाट मिळाली. 'तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा' असे लिहिलेल्या पानावर एकदा 'अलाऊ' दाबले गेले की पडद्याच्या कोपऱ्यात दिवसभर 'तुमच्या संगणकात विषाणू सापडला' अशा चौकटी येत राहतात. २०२० च्या सुरुवातीला फायरफॉक्स आणि क्रोम या दोघांनीही ही विचारणा दबकी केली, तरी आधी दिलेल्या परवानग्या तशाच राहिल्या. दुसरीकडे, विंडोजवरच्या क्रोममध्ये असलेले सफाईचे साधन गूगलने २०२३ मध्ये काढून टाकले.

म्हणून आज सफाई करताना आधी अलीकडे बसवलेल्या प्रोग्रॅमची यादी तारखेप्रमाणे लावून अनोळखी नावे काढावीत, मग एक्स्टेन्शन, शोधयंत्र, होमपेज आणि शॉर्टकटचे 'टार्गेट' पाहावे, संगणकासोबत सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमची आणि ठरलेल्या वेळी प्रोग्रॅम चालवणाऱ्या टास्क शेड्युलरची यादी तपासावी, आणि शेवटी ॲडवक्लीनरसारखे ॲडवेअर शोधून काढणारे साधन चालवावे. एवढे करूनही कोपऱ्यातल्या चौकटी येत असतील तर ब्राउझरच्या सेटिंग्जमधल्या 'नोटिफिकेशन्स' विभागात परवानगी दिलेल्या संकेतस्थळांची यादी उघडावी. तिथला अनोळखी पत्ता काढला की चौकटी थांबतात. कोणताही स्कॅनर सहसा ही जागा दाखवत नाही, कारण तिथे एक परवानगी तेवढी नोंदलेली असते. हटवावी अशी फाइल संगणकावर उतरलेलीच नसते.