नाडी ११२, रक्तदाब ‘नॉर्मल’

पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर चार तासांनी नर्सिंगची एक विद्यार्थिनी रुग्णाच्या नोंदी घेते, असे समजू. रक्तदाब ११८/७६, नाडी ११२, श्वास मिनिटाला २४ आणि गेल्या तासाभरातील लघवी २५ मिलिलिटर. सुरुवातीच्या नोंदीत नाडी ८४ होती. रुग्ण सारखी चुळबुळ करतो आहे. ती तक्त्यावर ‘रक्तदाब नॉर्मल’ असे लिहून पुढच्या खाटेकडे वळते.

तिने मोजलेला प्रत्येक आकडा बरोबर आहे, आणि म्हणूनच ही चूक सहजासहजी लक्षात येत नाही. शरीरात आतल्या आत रक्तस्राव सुरू झाला की रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि हृदयाची गती वाढते. या धडपडीमुळे प्रौढ माणसाचे जवळपास ३० टक्के रक्त जाईपर्यंत वरचा रक्तदाब टिकून राहू शकतो. नाडी, श्वास, लघवी आणि अस्वस्थता मात्र त्याआधीच बदलू लागतात. (रुग्ण बीटा-ब्लॉकर गटातील औषध घेत असेल, तर नाडीही फारशी वाढत नाही.)

अमेरिकेतील नर्सिंगच्या अभ्यासक क्रिस्टीन टॅनर यांनी २००६ मध्ये परिचारिकेच्या निर्णयप्रक्रियेचे चार भाग मांडले: लक्षात येणे, अर्थ लावणे, कृती करणे आणि केलेल्या कृतीकडे पुन्हा पाहणे. समोरच्या आकड्यांपेक्षाही परिचारिका स्वतःबरोबर कोणती जाण घेऊन येते, याचा निर्णयावर अधिक प्रभाव पडतो, असे त्यांचे निरीक्षण होते. ही जाण केवळ पाठांतराने येत नाही. ‘हे धोक्याचे लक्षण आहे’ असे शिक्षिकेने लगेच सांगून टाकले, तर विद्यार्थिनीला त्या दिवसापुरते उत्तर मिळते; पण नाडी कशामुळे वाढली असेल असे विचारले, तर ती ‘वेदना’ म्हणेल, आणि तिचे उत्तर मुळीच चुकीचे नसेल. खरे शिकवणे तिथूनच सुरू होते. नुसत्या वेदनेने नाडी वाढली असेल, तर रक्तदाबही थोडा चढलेला दिसायला हवा होता का? लघवी कमी का झाली? ड्रेसिंग आणि ड्रेनची (शस्त्रक्रियेच्या जागेतील स्राव बाहेर आणणाऱ्या नळीची) पिशवी कोणी पाहिली?

अर्थात, प्रत्यक्ष वॉर्डात अशा चर्चेसाठी रुग्णाला ताटकळत ठेवता येत नाही. डॉक्टरांना तत्काळ कळवणे आधी, प्रश्न नंतर. म्हणूनच मॅनिकिनवरील, म्हणजे रुग्णाच्या जागी ठेवलेल्या पुतळ्यावरील, सराव मला मोलाचा वाटतो. तिथे चुकीचा अंदाज शेवटपर्यंत लावून पाहता येतो, आणि सराव संपल्यावर निवांत बसून विद्यार्थिनीला एवढेच विचारता येते: कोणत्या नोंदीपाशी तुझे मत बदलायला हवे होते?