हात लागला की हात लावला?

गेल्या पावसाळ्यात सांगलीत रविवारची एक फुटबॉल मॅच बघायला गेलो होतो. मैदानात घोटाभर चिखल, एका गोलची जाळी अर्धी फाटलेली. कॉर्नरवरून आलेला बॉल गर्दीत एका डिफेंडरच्या कोपरावर आदळला आणि त्याच्याच पायापाशी पडला, त्यानं तो लांब उडवला. लगेच दहा-बारा घशांतून आरोळी निघाली, "सर, हँड! हँड!" रेफ्रींनी खेळ चालू ठेवला. बॉल बाहेर गेल्यावर काठावरचं एक पोरगं मोबाईल घेऊन आत धावलं. "सर, ह्यात बघा की, क्लिअर हाय." सरांनी मोबाईलकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "लागलाय, मलाबी दिसलं. त्यानं लावला न्हाय. आत ठेव तो."

लागला आणि लावला. मराठीत एका अक्षराचा फरक, पण फुटबॉलचा नियम गेली दीडशे वर्षं याच अक्षरापाशी अडखळतो आहे.

गंमत म्हणजे सुरुवातीला हात चालत होता. 1863 साली लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशनची पहिली नियमावली झाली, तेव्हा हवेतला बॉल झेलायला परवानगी होती. झेल घेतला की टाचेनं जमिनीवर खूण करायची आणि फ्री किक मिळवायची. बॉल हातात घेऊन पळायचं मात्र नाही. ज्यांना पळायचंही होतं आणि समोरच्याच्या नडगीवर लाथाही घालायच्या होत्या, ते वेगळे होऊन रग्बीकडं गेले. झेलही थोड्याच वर्षांत बंद झाला. गोलरक्षकाची हाताची मुभा 1871 साली नियमात आली. पुढं बरीच वर्षं त्याला आपल्या अर्ध्या मैदानात कुठंही बॉल हाताळता यायचा. 1912 नंतर ती मुभा गोलसमोरच्या चौकटीपुरती, म्हणजे डीपुरती उरली.

पेनल्टीच्या जन्मातही हाताचाच हात आहे. विल्यम मॅक्रम नावाच्या आयर्लंडमधल्या गोलरक्षकानं 1890 मध्ये ती सुचवली, तर साहेब मंडळी रागावली. सभ्य माणूस मुद्दाम फाऊल करतो असं नियमानंच कसं गृहीत धरायचं, हा त्यांचा सवाल. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या एफए कपच्या उपांत्यपूर्व सामन्यात नॉट्स काउंटीच्या डिफेंडरनं स्टोकचा जाणारा गोल रेषेवर हातानं अडवला. स्टोकला रेषेपासून चार बोटांवर फ्री किक मिळाली, गोलरक्षक बॉलसमोरच ठाण मांडून उभा राहिला आणि काउंटी 1-0 जिंकली. त्याच जूनमध्ये पेनल्टी नियमात आली. सभ्य माणसाचं काय झालं, ते कुणी विचारलं नाही.

त्यानंतर विसावं शतकभर नियमाचा गाभा एकच राहिला: हात जाणूनबुजून लावला का? हे ठरवायचं शिट्टीवाल्यानं, एका नजरेत, पळता पळता. त्याच्या चुकाही व्हायच्या. 22 जून 1986 ला मेक्सिको सिटीत मॅराडोनानं इंग्लंडविरुद्ध डाव्या हातानं गोल केला. ट्युनिशियाचे रेफ्री अली बिन नासर यांना तो दिसलाच नाही. 2009 मध्ये पॅरिसला फ्रान्सच्या थिएरी आन्रीनं हातानं बॉल सावरला, गॅलासनं गोल केला आणि आयर्लंडचा वर्ल्ड कप हुकला. या दोन्ही वेळी नियमात काही गोंधळ नव्हता, फक्त डोळे कमी पडले. 2010 च्या वर्ल्ड कपमधल्या उरुग्वेच्या सुआरेझचं उदाहरण लोक याच माळेत ओवतात, ते मला पटत नाही. घानाचा गोल त्यानं रेषेवर हातानं अडवला, रेफ्रीनं पाहिलं, लाल कार्ड दिलं, पेनल्टीही दिली. असामोआ ग्यानचा फटका बारवर बसला, याला नियम काय करणार?

डोळे कमी पडतात म्हणून कॅमेरा आणायचा, हे ओघानंच आलं. त्याच 2010 च्या वर्ल्ड कपमध्ये जर्मनीविरुद्ध इंग्लंडच्या लॅम्पार्डचा बॉल रेषेच्या चांगलाच आत पडूनही गोल मिळाला नाही आणि दोन वर्षांत बॉल रेषेपार गेला का हे सांगणाऱ्या गोललाइन तंत्राला मान्यता मिळाली. 2016 मध्ये व्हीएआरच्या, म्हणजे व्हिडिओ बघून रेफ्रीला मदत करणाऱ्या पंचाच्या, चाचण्या सुरू झाल्या, मार्च 2018 मध्ये तो नियमात आला. तेव्हा ठरलं, त्यानं चारच गोष्टींत पडायचं: गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि भलत्यालाच कार्ड दिलं गेलं असेल तर. तेही चूक ढळढळीत असेल तरच. त्याच वर्षीच्या वर्ल्ड कपच्या अंतिम सामन्यात क्रोएशियाच्या पेरिसिचच्या हाताला बॉल लागला, तेव्हा रेफ्री पिताना स्क्रीनपाशी गेले, बघितलं, निघाले, आणि पुन्हा मागं फिरून बघितलं. शेवटी पेनल्टी दिली. आता ढळढळीत चूक बघायला दोनदा जावं लागतं का, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

आपल्या भागात हे समजवायला कुस्ती बरी पडते. पाठ टेकली की नाही यावर सातारा-सांगलीच्या फडांत पिढ्यान्‌पिढ्या वाद झालेत. 2025 च्या महाराष्ट्र केसरीत तर याच वादातून एका मल्लानं पंचाला लाथ मारली आणि तीन वर्षांचं निलंबन ओढवून घेतलं. पण तिथला प्रश्न सरळ असतो. पाठ टेकली किंवा नाही टेकली. पाठ टेकवायचा इरादा होता का, असं कुणी विचारत नाही. फुटबॉलमध्ये कॅमेरा नेमका स्पर्श दाखवतो आणि नियम विचारतो इरादा.

मग नियम करणाऱ्यांनी उलटं केलं. कॅमेऱ्याला मोजता येईल असा नियम घडवायला घेतला. 2019 मध्ये ठरलं की हल्ला करणाऱ्याच्या हाताला चुकून लागूनही गोल झाला तर तो रद्द. बचाव करणाऱ्याचा हात खांद्याच्या वर असेल किंवा त्यानं शरीर अस्वाभाविक मोठं झालं असेल, तर साधारणपणे गुन्हा. पुढच्या वर्षी हात कुठून सुरू होतो हेही लिहावं लागलं: काखेच्या खालच्या टोकापासून. शिंप्यानं बाहीचं माप घ्यावं तसं. 2020 च्या सप्टेंबरमध्ये टॉटनहॅमचा एरिक डायर पाठमोरा हवेत असताना मागून बॉल त्याच्या हातावर आदळला आणि न्यूकॅसलला पेनल्टी मिळाली, तेव्हा जिंकता जिंकता राहिलेलेच काय, तटस्थही चिडले. 2021 मध्ये थोडी माघार झाली. सहकाऱ्याच्या हाताला चुकून लागून पुढं गोल झाला तर तो चालेल. आणि हाताला झालेला प्रत्येक स्पर्श हा गुन्हा नाही, असं चक्क लिहून टाकलं.

डिफेंडरांनी त्यांच्यापुरता मार्ग काढला. हल्ली डीमध्ये क्रॉस अडवताना ते हात पाठीमागं बांधून उभे राहतात, वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखे. असं पळणं स्वाभाविक कुठल्या अंगानं, ते मला अजून कळलेलं नाही.

2024 च्या युरो स्पर्धेत दोन टोकं एकाच आठवड्यात दिसली. डॉर्टमुंडला डेन्मार्कच्या अँडरसनच्या बोटांना बॉल जेमतेम चाटून गेला. बॉलमधल्या सेन्सरनं स्पर्शाची रेघ पडद्यावर उमटवली, क्रिकेटमधल्या स्निकोसारखी, आणि जर्मनीला पेनल्टी मिळाली. सहा दिवसांनी स्टुटगार्टला स्पेनच्या कुकुरेयानं जर्मनीच्या मुसियालाचा फटका डीमध्ये हातानं अडवला. तेव्हा आपल्याकडं मध्यरात्रीचा सुमार होता आणि जागं असलेलं प्रत्येक पोर स्क्रीनकडं बोट दाखवत होतं. पेनल्टी नाही. जर्मनी जादा वेळेत 2-1 हरली. सप्टेंबरमध्ये युरोपच्या फुटबॉल संघटनेनं, युएफानं, कळवलं की ती पेनल्टी द्यायला हवी होती. सेन्सर तोच, कॅमेरे तेच. लागला यावर कुणाचं दुमत नव्हतंच.

जिथं नुसती वस्तुस्थिती बघायची असते तिथं कॅमेरा सोनं आहे, हे आपण भारतीयांनी 2024 च्याच जूनमध्ये अनुभवलं, तेही कॅमेऱ्यावाचून. दोह्यात कतारविरुद्धच्या वर्ल्ड कप पात्रता सामन्यात बॉल रेषेबाहेर गेलेला, तो ओढून परत आणून कतारनं बरोबरी केली. त्या फेरीत व्हीएआर नव्हता. भारत 2-1 हरला आणि बाहेर पडला. तिथं दहा सेकंदांत निकाल लागला असता.

व्हीएआरच्या कामाच्या पद्धतीत एक सूचना आहे, जिच्याकडं फारसं लक्ष जात नाही. संथ गतीचा व्हिडिओ फक्त जागा आणि स्पर्श तपासायला वापरायचा. हँडबॉल गुन्हा आहे का, हे ठरवताना नेहमीचाच वेग हवा.

सांगलीतल्या त्या मॅचचा व्हिडिओ संध्याकाळी ग्रुपवर आला, अर्थातच संथ करून, कोपराभोवती लाल गोल काढून. मी तो पाहिला, मग मूळ वेगातला मागवून घेतला. संथ व्हिडिओत ते डिफेंडर पोरगं हात हळूच बॉलकडं नेताना दिसतं, अगदी ठरवून. मूळ वेगात ते तोंड फिरवून डोळे मिटतं, आणि बॉल आदळतो.