पूर उतरल्यावर काठ काहून पडतो?

२३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला अन् नाग नदी लोकांच्या हॉलमध्ये शिरली, ते नागपुरात कोणीच विसरलं नाही. मला मात्र त्याच्या दोन दिवसांनंतरचं आठवतं. आमच्याकडच्या कच्च्या नाल्याचा काठ भर पुरात टिकला, आणि चांगलं ऊन पडल्यावर धपकन खाली आला. शेजारचे काका म्हणाले, "पूर तं उतरला, मंग हा आता काहून पडून राहिला बाप्पा?"

प्रश्न एकदम बरोबर आहे, कारण नाला कसा बदलेल हे सांगणाऱ्या कॉम्प्युटर मॉडेलला नुसतं वाहतं पाणी शिकवून भागत नाही. तेवढा भाग तसा सोपा आहे. नाल्याचे काकडीसारखे आडवे काप करायचे, प्रत्येकाची रुंदी, उतार, माती भरायची आणि पाणी सोडायचं. पाणी १ मीटर खोल आणि उतार ५०० मीटरला १ मीटर असेल तर तळाच्या दर चौरस मीटरवर साधारण २ किलो वजनाइतकी ओढ बसते, खोली दुप्पट झाली की ओढही दुप्पट. मातीची सहन करायची एक हद्द असते, ती ओलांडली की माती सुटते. मग त्या कापात गाळ आला किती, गेला किती याचा पासबुकासारखा हिशोब, तळ तेवढा वरखाली करायचा, की पुढची काही मिनिटं, परत तेच, असं करत करत तीस-चाळीस वर्षं.

काठाचं गणित वेगळं. पुराचं पाणी काठाला बाहेरून टेकू देत असतं, ते झटकन उतरलं की टेकू गेला, पण माती आतून अजून भिजलेली, जड, आणि कणांमधलं पाणी त्यांना एकमेकांपासून ढकलतंय. त्यात आपली काळी माती, उन्हाळ्यातल्या भेगांमधून पाणी पार आतवर गेलेलं. म्हणून मॉडेल प्रत्येक वेळी काठाची ताकद भागिले त्याला खाली ओढणारं वजन असा आकडा काढतं, १ च्या खाली गेला की काठ पाडतं. अमेरिकेतलं 'कॉन्सेप्ट्स' नावाचं मॉडेल हे तळ आणि काठ दोन्ही एकत्र चालवतं.

हे सगळं कोणत्या क्रमानं होतं ते नद्यांचे अभ्यासक अँड्र्यू सायमन यांनी १९८९ मध्ये मांडलं, अमेरिकेतल्या वेस्ट टेनेसीतल्या सरळ केलेल्या नद्या बघून, एकूण सहा टप्पे. प्रवाह सरळ केला की लांबी घटते, उतार वाढतो, आधी तळ खचतो. काठ उंच होतात, स्वतःच्याच वजनानं पडतात, पात्र रुंद होतं. पडलेली माती साचून तळ वर येतो आणि शेवटी त्या मोठ्या खड्ड्यात एक छोटासा नवा नाला स्थिरावतो. (म्हणजे 'नाला सरळ करून टाकू' म्हणणाऱ्यांना सरळ करण्याचा टप्पाच तेवढा दिसतो, पुढचे नाही.)

घोडं अडतं ते मातीच्या त्या हद्दीपाशी, कारण एकाच नाल्यात शंभर पावलांवर ती वेगळी निघते. ती मोजायला ओढ्यात जाऊन मातीवर पाण्याची बारीक धार मारतात आणि खड्डा किती वेळात किती पडतो ते बघतात.

आमच्या नाल्याचा तळ अजून खचतोच आहे आणि काठ माझ्या डोक्याच्या वर गेलाय. काकांनी कंपाउंडची भिंत काठापासून चार फुटांवर घ्यायचं ठरवलं होतं, ती आता मागे सरकवली आहे.