कॉपी चालू असताना टक्के का दिसत नाहीत?

जिनिंगवाले असोत की रावेर-सावद्याचे केळी व्यापारी, आमच्याकडून लिनक्स सर्व्हर घेतलेल्या प्रत्येकाचा एक फोन ठरलेला: "भाऊ, हाई बंद पडी गयं का?" बंद काही पडलेलं नसतं. फाइली कॉपी करणारी सीपी (cp) कमांड काम करताना बोलत नाही, अडली तरच तोंड उघडते.

मग आग्रह होतो, सीपीला टक्के दाखवायचा पर्याय जोडून द्या. मागणी गैर नाही. जगभरातून ती पूर्वीच झाली आहे आणि जीएनयू कोअरयुटिल्स, म्हणजे सीपीसारख्या मूळ कमांडचा संच, सांभाळणाऱ्यांनी नाकारली आहे. त्याच संचातल्या डीडी (dd) या कॉपीच्या दुसऱ्या कमांडला तो पर्याय २०१५ मध्ये मिळाला, मग सीपीनेच काय पाप केलं, असं आम्हालाही वाटतं. तरी टक्क्यांसाठी बाहेरचं ठिगळ (पॅच) लावलेली सीपी आम्ही बसवत नाही. पुढचं अपडेट आलं की ठिगळ पुसलं जातं आणि फोन परत आम्हालाच.

शिवाय खरा घोटाळा टक्क्यांनी सुटत नाही. कॉपी संपून प्रॉम्प्ट (पुढच्या कमांडची वाट पाहणारी ओळ) आला तरी शेवटचा डेटा बऱ्याचदा रॅममध्येच असतो, डिस्कवर उतरायचा बाकी. तेवढ्यात यूएसबीची वायर ओढली की संपलं. चोपड्याच्या एका दुकानात ऐन मार्चअखेरीला हेच झालं: फाइलचं नाव दिसतंय, उघडायला गेलं तर आत काही नाही. आमचा माणूस दिवसभर तिथेच अडकला. म्हणून आधी अनमाउंट करा, म्हणजे कमांड देऊन डिस्क रीतसर सोडवा, आणि त्याचा प्रॉम्प्ट परत येईपर्यंत वायरला हात लावू नका. दोन-चार मिनिटं लागली तर लागू द्या, उरलेला डेटा तेव्हाच उतरत असतो.

टक्के हवेच असतील तर आरसिंक (rsync) ही कॉपीची वेगळी कमांड आहे. एकूण किती झालं हे दाखवायची सोय त्यात २०१३ पासून आहे. मध्येच लाइट गेली तर पुन्हा चालवा, पूर्ण पोचलेल्या फाइली वगळून ती पुढे जाते. टक्का वर जाऊन खाली आला तर घाबरू नका, फाइलींची यादी अजून वाचून व्हायची असते.

आरसिंक आणि अनमाउंट एकत्र करणारं 'बॅकअप घ्या' बटण आम्ही बनवलं आहे. एएमसी (वार्षिक देखभाल करार) असलेल्यांना पुढच्या फेरीत मोफत बसवून देऊ, बाकीच्यांना फक्त फेरीचा खर्च. तोवर सीपीच वापरायची तर उणे व्ही (-v) लावा, प्रत्येक फाइलचं नाव पडद्यावर येत राहील. फाइल एकच आणि मोठी असेल तर मात्र एक ओळ येऊन पुन्हा शांतता.