बर्न-इन : मोबाइलच्या पडद्यावरची कायमची छाप

मोबाइलच्या पडद्यावर न हलणारी आकृती दीर्घकाळ दिसत राहिली की चित्र बदलल्यावरही तिची फिकट छाप उरते. या दोषाला बर्न-इन म्हणतात. बहुधा छाप उमटते ती खालच्या तीन बटणांची, वरच्या घड्याळ-बॅटरीच्या पट्टीची किंवा कीबोर्डच्या चौकटीची. सोलापुरात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाईक ‘डिस्प्लेवर सावली आली’ एवढेच सांगते, आणि ते वर्णन अगदी बरोबर आहे.

नावात जळणे असले तरी इथे काही जळत नाही. घडते ते विटणे. घडी घातलेली सोलापुरी चादर महिनोन्‌महिने खिडकीत राहिली, तर उन्हाकडची बाजू विटते आणि आतली घडी गडद राहते. उलगडल्यावर जी रेघ दिसते, ती रंग चढल्याची नसते. शेजारचा रंग उतरल्याची असते. पडद्याचेही असेच. छाप म्हणजे वरून बसलेला डाग नव्हे, तर झालेली झीज. म्हणून ती पुसता येत नाही. टाळता मात्र नक्की येते.

अमोलेड पडद्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो. त्यातील सेंद्रिय पदार्थाचा थर वापरागणिक मंदावतो. अशा सेंद्रिय थराचा व्यवहार्य डायोड, म्हणजे वीज मिळताच उजळणारा भाग, चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी ईस्टमन कोडॅक कंपनीत १९८७ साली मांडला. लाल, हिरवा आणि निळा या तिन्हींत निळा सर्वांत लवकर थकतो. त्यामुळे झिजलेल्या भागावर बऱ्याचदा पिवळट झाक दिसते. उजेड दुप्पट केला की आयुष्य निम्म्याहूनही कमी होते, आणि उष्णतेने झीज आणखी वेग घेते. एलसीडी पडद्यात प्रकाश मागच्या दिव्यातून येतो. तिथे उमटणारी छाप बहुतेक वेळा तात्पुरती असते आणि काही वेळाने निघून जाते. पडद्यावर उभी हिरवी रेघ आली तर तो बर्न-इन नव्हे, जोडणीचा किंवा पॅनेलचा बिघाड असतो. या दोहोंत गल्लत फार होते.

सोलापूरच्या हवामानात ही गोष्ट विशेष महत्त्वाची ठरते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो, तर फोन बनवणारे साधारण ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापर सुचवतात. सर्वांत जास्त धोका असतो तो हँडलवर फोन लावून घरपोच माल पोहोचवणाऱ्या मुलांना आणि पुण्याकडे सुमारे २५० किलोमीटरची गाडी हाकणाऱ्या चालकांना. कडक ऊन पाहून फोन स्वतःच उजेड कमाल करतो, डॅशबोर्ड तापलेला असतो, आणि नकाशाची वरची वळणाची पट्टी व खालची वेळेची पट्टी तासन्‌तास एकाच जागी उभी असते. तिन्ही कारणे एकत्र येतात. अशांनी नकाशा गडद रंगात ठेवावा, वळणे कानाने ऐकावीत, सरळ रस्त्यावर पडदा बंद करावा आणि फोन सावलीत येईल असा बसवावा. पडद्याच्या सेटिंगमधील कुठल्याही युक्तीपेक्षा सावलीचा उपयोग मोठा, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे. पैसे घेण्यासाठी दिवसभर फोनवर क्यूआर कोड उघडा ठेवणाऱ्या दुकानदारानेही छापील कोडच भिंतीला लावावा.

एका दिवसाच्या वापराने छाप पडत नाही. सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक तासभर चित्रित केली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. रोजच्या त्याच त्या जागी साठत जाणारी झीज महत्त्वाची.

इतरांसाठी उपाय सोपे आहेत. पडदा ३० सेकंदांत मिटावा, उजेड आपोआप कमी-जास्त व्हावा, डार्क थीम चालू असावी. काळ्या ठिपक्यांना उजळावे लागत नाही, म्हणून ते झिजत नाहीत. खालच्या बटणांऐवजी बोटांच्या हालचालींवर फोन चालवावा. अँड्रॉइडमध्ये ही सोय २०१९ च्या दहाव्या आवृत्तीत पूर्ण रूपात आली. सतत दिसणारे घड्याळ फोन स्वतःच जरा जरा सरकवत राहतो, तरीही गरज नसेल तर ते बंद करावे. स्क्रीन गार्डचा या कामी उपयोग नाही. तो ओरखडे अडवतो, झीज नव्हे.

भराभर रंग बदलणारे ‘बर्न-इन घालवणारे’ व्हिडिओ एलसीडीवरची तात्पुरती छाप हटवू शकतात. अमोलेडवर मात्र ते उरलेले ठिपकेही झिजवतात, म्हणजे फरक झाकण्यासाठी सगळाच पडदा म्हातारा करतात. छाप खुपत असेल तर पूर्ण डिस्प्ले, म्हणजे दुरुस्तीवाल्यांच्या भाषेतला कॉम्बो, बदलणे हाच मार्ग उरतो आणि अमोलेड कॉम्बो स्वस्त नसतो.

वापरलेला फोन घेताना अंधाऱ्या जागी सपाट करड्या रंगाचे चित्र पूर्ण पडद्यावर उघडून पाहावे. पांढऱ्यावर न दिसणारी छाप करड्यावर स्पष्ट दिसते. काउंटरवर दिवसभर पूर्ण उजेडात चालू राहिलेले डेमो फोन अशा बाजारात येतात. त्यांच्या बाबतीत ही चाचणी पैसे देण्याआधीच करावी.