स्वस्तातल्या हेडफोनलाच जास्त फरक का पडला?

गेल्या महिन्यात माझ्या आतेभावानं सदाशिव पेठेतल्या घरी हेडफोनसाठी वेगळा अ‍ॅम्प, म्हणजे सिग्नल वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर, आणला. आधी तो घरातल्या जुन्या स्टिरिओ रिसीव्हरलाच हेडफोन जोडायचा. त्या संध्याकाळी आम्ही भीमसेनजींचं एकच ध्वनिमुद्रण तीन हेडफोनवर, आधी रिसीव्हरला आणि मग नव्या अ‍ॅम्पला जोडून ऐकलं. त्याच्या लाडक्या 300 ओहमच्या (ओहम हे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) सेनहायझर एचडी 600 वर डग्गा किंचित आवरला, इतकंच. प्लेनर जातीच्या, म्हणजे चुंबकांजवळ सपाट पातळ पडदा ताणलेल्या, हेडफोनचा बाज तोच राहिला. मात्र 32 ओहमच्या साध्या बंद हेडफोनवर सुजलेला खर्ज एकदम ओसरला आणि तानपुऱ्याची जवारी पहिल्यांदा नीट कानी आली. "दादा, स्वस्तातल्यालाच जास्त फरक कसा?" असं त्यानं विचारलं. उत्तरासाठी शंभर वर्षं मागे जावं लागतं.

हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरपेक्षा जुना आहे. अमेरिकेतल्या युटा प्रांतात नॅथॅनिएल बाल्डविननं 1910 मध्ये आपल्या स्वयंपाकघरात बनवलेले हेडफोन अमेरिकी नौदलानं घेतले. त्यानंतरच्या क्रिस्टल रेडिओत वीज पुरवणारं काहीच नसे. एरियलवर जे येईल तेवढ्यावरच कानातला पडदा हलायचा. म्हणून बारीक तारेचे असंख्य वेढे घालत आणि इम्पिडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा अडथळा, हजारो ओहमवर जाई. पुढे सिग्नल वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या, म्हणजे व्हॉल्व्ह, आले. ते व्होल्टेज सहज देतात, करंट मात्र हात राखून, त्यामुळे जास्त ओहमचे हेडफोन त्यांनाही सोयीचेच पडले. 1968 चा सेनहायझर एचडी 414 हा गाजलेला उघडा हेडफोन 2000 ओहमचा होता. स्टुडिओत 600 ओहमची वहिवाट पडली, ती टेलिफोनच्या तारांकडून आलेली.

घरगुती रिसीव्हरमध्ये हेडफोनसाठी स्वतंत्र अ‍ॅम्प क्वचितच असे. स्पीकरकडे जाणारा सिग्नलच मध्ये एक रेझिस्टर टाकून हेडफोनच्या सॉकेटपर्यंत आणलेला असायचा. स्वस्त आणि सुरक्षित तोडगा. 1996 च्या आयईसी 61938 या आंतरराष्ट्रीय मानकानं तर हेडफोनच्या आउटपुटला 120 ओहमच्या इम्पिडन्सची शिफारस केली. माझ्या मते हौशी श्रोत्यांच्या निम्म्या गैरसमजांचं मूळ इथं आहे.

कारण हेडफोनवर छापलेला ओहमचा आकडा सगळ्या स्वरांना सारखा लागू नसतो. एचडी 600 चा इम्पिडन्स 100 हर्ट्‌झच्या आसपास, म्हणजे नेमका डग्ग्याच्या घुमाऱ्यापाशी, 500 ओहमच्या घरात जातो. सॉकेटमागे 120 ओहम असतील तर व्होल्टेज त्यांच्यात आणि हेडफोनमध्ये वाटलं जातं; हेडफोनचा इम्पिडन्स जिथं चढतो तिथं त्याचा वाटा वाढतो, आणि इथं आवाज जेमतेम 1 डेसिबलनं वाढतो. पण 32 ओहमचा हेडफोन खर्जात 60 ओहमपर्यंत चढत असेल, तर त्याच 120 ओहमपुढे तो भाग 4 डेसिबलनं फुगतो. आतेभावाला इतकी वर्षं 'भरीव बेस' वाटत होता, तो हा फुगवटा; नव्या अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पिडन्स कमी, म्हणून तो ओसरला. प्लेनर हेडफोनचा इम्पिडन्स जवळजवळ सपाट असतो, म्हणून त्याचा बाज हलला नाही. एकापेक्षा जास्त बॅलन्स्ड आर्मेचर (आवाज काढणारे चिमुकले घटक) बसवलेल्या इअरफोनचे तर सगळ्यात जास्त हाल: त्यांचा इम्पिडन्स इतका वरखाली होतो की चुकीच्या सॉकेटला गाणाऱ्याचा आवाजच बदलतो. आउटपुटचा इम्पिडन्स हेडफोनच्या एक अष्टमांशाहून कमी असावा, हा आजचा ठोकताळा यातूनच आला.

दुसरं वळण 1979 चं, सोनीच्या वॉकमनचं. दोन पेन्सिल सेल म्हणजे 3 व्होल्ट. त्यातून कानापर्यंत जेमतेम 1 व्होल्ट पोचणार. तेवढ्यात 32 ओहमच्या हेडफोनला 31 मिलिवॉट मिळतात, 300 ओहमच्या हेडफोनला फक्त 3. म्हणून खिशातल्या यंत्रांसाठी ओहम उतरत गेले आणि स्टुडिओचे हेडफोन वेगळ्या वाटेवर राहिले. बायरडायनॅमिकचा डीटी 880 हा 32, 250 आणि 600 अशा तिन्ही ओहममध्ये निघाला, तो या फाटाफुटीमुळेच. प्लेनरची अडचण आणखी वेगळी. हायफायमॅनच्या एचई-6 चा इम्पिडन्स 50 ओहमच, पण 1 मिलिवॉटला तो 83.5 डेसिबल देतो. 110 डेसिबलच्या शिखराला त्याला साडेचारशे मिलिवॉट लागतात. तिथं फोन थिटाच पडतो.

ही दरी हौशी मंडळींनीच आधी भरली. 1990 च्या दशकाच्या अखेरीस 9 व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा सीमॉय अ‍ॅम्प लोक गोळ्यांच्या डबीत बसवू लागले. त्याला लागणारे रेझिस्टर, कपॅसिटर मीही पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणून डाख देऊन जोडले आहेत. 2011 मध्ये एका निनावी अभियंत्यानं ओ2 अ‍ॅम्पचा आराखडा मोजमापांसह जाहीर केला. त्याचा आउटपुट इम्पिडन्स अर्ध्या ओहमच्या आसपास.

आतेभावाचा आधीचा अ‍ॅम्प म्हणजे फोन असता, तर निकाल उलटा लागला असता. बऱ्याच फोनचा आउटपुट इम्पिडन्स कमीच असतो, त्यामुळे 32 ओहमवाला होता तसाच वाजला असता आणि एचडी 600 ला मोठ्या तानेसाठी जागा मिळाली असती. तुलना करताना आम्ही मल्टिमीटर लावून दोन्हीकडचा आवाज सारखा केला होता. नाहीतर जो थोडा मोठ्यानं वाजतो तोच कानाला सरस वाटतो, आणि ते इतकं पटकन होतं की आपण काय ऐकतोय हेच कळत नाही.