पाण्याची उचल आणि पाण्याचा खर्च

‘शहराला रोज एवढं पाणी लागतं’ असं आपण सहज म्हणतो. या ‘लागतं’मध्ये दोन वेगळे हिशेब एकत्र कोंबलेले असतात, आणि पाणी वाचवण्याच्या कितीतरी योजना तिथेच फसतात. नदीतून, धरणातून किंवा जमिनीखालून जे काढून घेतलं ती उचल. त्यातलं जे वाफ होऊन उडालं, पिकात किंवा मालात गेलं आणि त्या खोऱ्याला परत मिळालंच नाही, तो खर्च.

भांडी घासताना नळाखालचं पाणी बघा. साबणाचा फेस आणि खरकटं घेऊन ते मोरीत उतरतं. घाण झालं, पण संपलं नाही. शुद्ध करून नदीत सोडलं तर खालच्या गावाला ते पुन्हा उचलता येतं. तेवढंच पाणी भर दुपारी हिरवळीवर फवारलं तर बरंचसं हवेत जातं. उचल दोन्हीकडे सारखीच.

अमेरिकेतल्या वाळवंटातल्या लास वेगासने हा फरक नेमका ओळखला. तिथल्या घरांच्या मोऱ्यांतून जाणारं जवळजवळ सगळं पाणी शुद्ध होऊन कोलोरॅडो नदीवरच्या मीड सरोवरात, म्हणजे जिथून उचललं तिथेच, परत जातं आणि जितकं परत केलं तितकं पुन्हा उचलता येतं. म्हणून तिथला खरा भर अंघोळीपेक्षा गवतावर आहे. स्वतंत्र घरांची अंगणं सोडून बाकी ठिकाणच्या नुसत्या शोभेच्या हिरवळीला कोलोरॅडो नदीचं पाणी 2027 पासून देता येणार नाही, असा कायदा नेवाडा राज्याने 2021 मध्ये केला.

समुद्रकाठी मात्र गणित उलटतं. तिथलं सांडपाणी खाऱ्या पाण्यात गेलं की गोड्या पाण्याच्या दृष्टीने तो खर्चच, मग ते कितीही स्वच्छ करून सोडा. कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत 2008 पासून असं पाणी अतिशुद्ध करून भूजलात मुरवतात. नामिबियाची राजधानी विंडहोक तर 1968 पासून शुद्ध केलेलं सांडपाणी थेट पिण्याच्या पुरवठ्यात घेते. पुनर्वापराचा सगळ्यात मोठा फायदा अशा ठिकाणी होतो.

उचल कमी करण्याला अर्थच नाही असं मात्र मुळीच नाही. उचल आणि परतावा यांच्या मधला नदीचा पट्टा कोरडा पडतो, मासे मरतात, पंपांना वीज लागते. शिवाय पाणी न शुद्ध करता परत सोडलं तर खालच्यांच्या दृष्टीने ते असून नसल्यासारखंच.

सर्वात अवघड प्रश्न शेतीचा. जगातल्या गोड्या पाण्याच्या उचलीत शेतीचा वाटा सुमारे 70 टक्के आहे आणि खर्चात त्याहूनही मोठा, कारण पिकाने घेतलेलं पाणी पानांतून हवेत जातं. पाटाने पाणी देताना बरंच जमिनीत मुरतं. ते ‘वाया गेलं’ असं वाटतं, पण अनेकदा खालच्या विहिरीला तोच पाझर असतो. ठिबक बसवलं की उचल घटते. मग उरलेल्या पाण्यावर शेतकरी आणखी दोन एकर भिजवतो, किंवा जास्त पाण्याचं पीक घेतो. त्याच्या जागी कुणीही हेच करेल, दोष त्याचा नाही. पण एकूण खर्च वाढतो आणि खालची विहीर आटते. ठिबकबरोबर उपशावर आणि भिजणाऱ्या क्षेत्रावर मर्यादा घातली, तरच वाचलेलं पाणी नदीत आणि विहिरीत दिसतं.